पालकाची सही

मागच्या उन्हाळ्यात अकोल्याला मामाचं जठारपेठेतलं घर रिकामं करायला गेलो होतो. मामाला जाऊन बरीच वर्षं झाली. मामीला आता एकटीला झेपत नाही, म्हणून तिला अमरावतीला आमच्याकडे आणायचं ठरलं. मामा-मामीला मूलबाळ नाही. म्हणजे मी आहे, पण ते पुढे येईलच.

माळ्यावर बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा निघाला. आत जिनिंग फॅक्टरीच्या पगाराच्या चिठ्ठ्या, विजेची बिलं, माझ्या चौथीच्या गुणपत्रिकेची नक्कल, आणि सगळ्यात खाली चौघडी केलेला पाच रुपयांचा स्टॅम्पपेपर. जून १९७८. दर्यापूरच्या तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या एखाद्या अर्जनवीसाचं ते वळणदार अक्षर. मजकूर जेमतेम बारा ओळींचा. माझा मुलगा अमुक, वय वर्षे नऊ, यास शिक्षण व संगोपनासाठी त्याचे मामा तमुक यांच्या स्वाधीन करत आहे, शाळेत व दवाखान्यात त्यांनी पालक म्हणून सही करावी, माझी हरकत नाही, आणि मी मागेन तेव्हा मुलगा परत द्यावा. शेवटी जाड रेघ ओढून एक वाक्य, ‘हे दत्तकपत्र नव्हे’. खाली बाबांची सही, मामाची सही, दोन साक्षीदार.

हा कागद आहे हे मला माहीत होतं. शाळेत नाव घालताना मामाने तो शर्टाच्या खिशातून काढून हेडमास्तरांपुढे ठेवला होता, ते मला लख्ख आठवतं. पण तो मी वाचला पहिल्यांदाच. त्या रिकाम्या घरात फरशीवर बसून चार-पाच वेळा वाचला. मग एक गोष्ट लक्षात आली, आणि त्या दिवसापासून ती काही डोक्यातून जात नाही. कागदावर मायची सही नाही. अंगठाही नाही. नावसुद्धा नाही.

*

आमचं गाव अंजनगावकडचं. बाबांनी मला ‘शकुंतले’ने नेलं. अचलपूर ते मूर्तिजापूर अशी सुमारे ७६ किलोमीटरची ती नॅरोगेज, वाटेत पथ्रोट, अंजनगाव, दर्यापूर. तेव्हा वाफेचं इंजिन होतं, ते १९९४पर्यंत चाललं. आता तर गाडीच बंद आहे. मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत बसायचं आणि अकोल्याला उतरायचं. मला वाटलं होतं की चार दिवस मामाकडे राहायचं आणि परत यायचं. ‘चार दिवसांचं’ ते राहणं मॅट्रिक होईपर्यंत चाललं.

वऱ्हाडात यात जगावेगळं काहीच नव्हतं. कोरडवाहू जमीन, कापूस-तूर-ज्वारी, खेड्यात शाळा चौथीपर्यंत. पोरगं हुशार निघालं की ते कुणाच्या तरी घरी ठेवायचं. मामा, मावशी, आत्या, नाहीतर गावचाच कुणी शहरात नोकरीला असलेला. अकोला हे तर दुसऱ्यांची मुलं मोठी करणारं शहरच म्हणा ना. गोपाळ गणेश आगरकर टेंभूचे, पण १८७५ साली मॅट्रिक झाले ते अकोल्यात, नातेवाइकांकडे राहून. अमरावतीला पंजाबराव देशमुखांनी १९२०च्या दशकात श्रद्धानंद छात्रालय काढलं, तेही याच गरजेतून. ज्याला शहरात मामा नाही त्याने कुठे जायचं?

पण मामाकडे वाढलेला वऱ्हाडातला सगळ्यात मोठा मुलगा कोण असं विचाराल, तर तो देबू. देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव. बाप दारूपायी गेला, घरदार, शेत होतं नव्हतं ते त्याआधीच गेलेलं. मग सखुबाई लहानग्या देबूला घेऊन माहेरी गेली, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, भाऊ चंद्रभानजीकडे. शेंडगाव ते दापुरे. नकाशात बघा, साधारण ‘शकुंतले’चाच रस्ता. फक्त तेव्हा ती गाडी नव्हती.

देबूने मामाची गुरं राखली, शेत कसलं. शेतीत तो इतका तरबेज झाला की लोक बघायला येत, असं चरित्रकार सांगतात. आणि पुढे मामाचं शेत सावकाराच्या घशात गेलं. कागद सावकाराकडे, वाचायला घरात कुणाला येत नाही. ताबा घ्यायला आलेल्या सावकाराच्या माणसांपुढे देबू उभा राहिला तो त्या शेतासाठी, जे त्याच्या बापाचं नव्हतं, मामाचं होतं. १ फेब्रुवारी १९०५ला त्याने घर सोडलं आणि हातात गाडगं घेतलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मला आपलं राहून राहून एवढंच वाटतं की ज्या माणसाने जन्मभर ‘पोराले शायेत घाला, भांडी मोडा पण शिकवा’ असं गावोगाव घसा फोडून सांगितलं, त्याला स्वतःला शाळेत घालण्याचा अधिकार नेमका कुणाचा होता? बाप मेलेला. आई भावाच्या आश्रयाला. मामा कर्त्याचा कर्ता, पण कायद्याने कोण? कुणीच नाही.

*

खरं तर तेव्हाच्या कायद्यालाही हा प्रश्न पडला होता, पण त्याला काळजी मुलाची नव्हती, जमिनीची होती. १८५६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हनुमानप्रसाद पांडे विरुद्ध बबुई या खटल्यात ठरवलं, की अज्ञान मुलाची मालमत्ता जो सांभाळतो त्याला खरी गरज असेल तर ती गहाण टाकता येते, आणि कर्ज देणाऱ्याने नीट चौकशी केली असेल तर तो व्यवहार टिकतो. सांभाळणारा कायदेशीर पालक आहे की नुसताच पाळतोय, याला फार महत्त्व नाही. सावकारांना हा निकाल किती गोड लागला असेल ते सांगायला नको. शंभर वर्षं तो देशभर चालला.

मग १८९०चा पालक व पाल्य कायदा आला. तो आजही आहे. जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, मूल राहतं त्या जिल्ह्यात, आणि न्यायाधीशाने पालक नेमायचा. वऱ्हाडात मात्र कायद्याचीही गंमतच होती. आपण कागदोपत्री निजामाचे. १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे कारभाराला आलं, १९०२ला कायमच्या पट्ट्याने आलं, १९०३ला मध्यप्रांताला जोडलं, तरी मालकी निजामाचीच. म्हणून इंग्रजी हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागत नसत. ते वेगळे हुकूम काढून लावावे लागत. हा घोळ निस्तरायला शेवटी १९४१ साली ‘बेरार लॉज ॲक्ट’ करावा लागला. म्हणजे वऱ्हाडच मुळात नव्वदएक वर्षं दुसऱ्याच्या घरी ठेवलेलं पोर. सांभाळणारा एक, बाप दुसरा. (हे मी एकदा आमच्या इतिहासाच्या सरांना म्हटलं होतं, ते हसले आणि पेपरात लिहू नकोस म्हणाले.)

सामान्य माणूस त्या १८९०च्या कायद्याच्या वाटेला सहसा जात नसे. खर्च हे एक कारण. दुसरं असं, की कोर्टाने पालक नेमला की त्या मुलाचं सज्ञान होण्याचं वय अठरावरून एकवीस व्हायचं. १८७५च्या कायद्यात तशी तरतूदच होती, ती १९९९मध्ये गेली. तीन वर्षं जास्त अज्ञान राहायला कोण कोर्टात जाईल? त्यापेक्षा अर्जनवीस, पाच रुपयांचा स्टॅम्प आणि दोन साक्षीदार बरे.

आता त्या कागदाला किंमत काय? आमच्या बँकेच्या पॅनेलवर एक वकील होते, त्यांना मी तो दाखवला. आता ते निवृत्त आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, हसले आणि म्हणाले, ‘ॲनी बेझंटकडेही असाच कागद होता.’

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण ती हकीकत खरीच आहे आणि सांगण्यासारखी आहे. मद्रासला अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत नारायणय्या नावाचे गृहस्थ कामाला होते. बायको वारलेली. त्यांच्या एका मुलात सोसायटीच्या लोकांना १९०९ साली भावी जगद्गुरू दिसला. तो मुलगा म्हणजे जे. कृष्णमूर्ती. मार्च १९१०मध्ये नारायणय्यांनी बेझंटबाईंना लिहून दिलं, की कृष्णमूर्ती आणि त्याचा धाकटा भाऊ नित्यानंद यांच्या पालक तुम्ही. बाईंनी पोरांना विलायतेला नेलं. बापाला पुढे पश्चात्ताप झाला, नाही नाही ते कानावर आलं, आणि १९१२मध्ये त्यांनी मुलं परत मागत दावा लावला. बाई स्वतःची बाजू स्वतःच मांडत होत्या. १९१३मध्ये मद्रास हायकोर्टाने मुलं बापाला परत द्या म्हणून सांगितलं. (जाता जाता, १८९७च्या अमरावती काँग्रेसचे अध्यक्ष शंकरन नायर हे तेव्हा त्याच हायकोर्टात न्यायमूर्ती होते. हा खटला त्यांच्यापुढे चालला असं नव्हे, पण आपल्या गावाचं नाव कुठूनही जोडायची मला खोड आहे.) १९१४मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो हुकूम फिरवला. मुलं विलायतेत आहेत, दावा चुकीच्या मार्गाने आला, आणि मुलांचं म्हणणं कुणी ऐकलंच नाही, अशी कारणं दिली. म्हणजे बाई जिंकल्या. पण निकाल देता देता न्यायमूर्तींनी जे सांगून ठेवलं ते आजवर वकील मंडळी सांगतात. बापाचं पालकपण ही त्याच्याकडे असलेली ठेव आहे. ती तो दुसऱ्याला देऊन मोकळा होऊ शकत नाही. सांभाळायला जरूर देऊ शकतो, पण दिलेलं परत मागण्याचा हक्क त्याच्याकडे राहतोच. फक्त परत मागणं मुलाच्या हिताचं आहे की नाही, हे कोर्ट बघेल.

‘तुमच्या अर्जनवीसाने शेवटची ओळ बरोबर लिहिलीय,’ वकीलसाहेब म्हणाले. ‘मागेन तेव्हा परत. न लिहिली असती तरी कायदा तोच होता.’

*

१९५६ साल मला या सगळ्यात फार विलक्षण वाटतं. २५ ऑगस्टला हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आला. त्याने ते १८५६चं प्रकरण बरोब्बर शंभर वर्षांनी मोडीत काढलं. नुसता सांभाळतो म्हणून कुणालाही अज्ञान मुलाची मालमत्ता विकता-गहाण टाकता येणार नाही. नैसर्गिक पालकालासुद्धा जमीन विकायची तर कोर्टाची परवानगी. देबूजीच्या काळी हे असतं तर, असं मनात येतं. पण दापुऱ्याचं शेत मामाचं होतं, त्याला काही हा कायदा वाचवू शकला नसता. असो.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला. आणि त्याच्या आदल्याच दिवशी, २० डिसेंबर १९५६ला, अमरावतीला येताना वलगावजवळ पेढी नदीपाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. आईने मामाच्या घरी आणलेला तो मुलगा गेला आणि दुसऱ्या दिवशी मूल देण्या-घेण्याचा कायदा झाला. याला अर्थ काही नाही, योगायोग आहे. पण वलगावच्या पुलावरून जाताना दर वेळी मला तो आठवतो.

दत्तकाच्या या कायद्याने आणखी एक जुनी आडकाठी गेली. पूर्वीच्या धर्मशास्त्राप्रमाणे ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य म्हणवणाऱ्यांना बहिणीचा मुलगा दत्तक घेता येत नसे. शूद्र मानलेल्यांना ती अडचण नव्हती. १९५६नंतर भाचा कुणालाही दत्तक घेता येऊ लागला. आमच्या बाबांनी ‘हे दत्तकपत्र नव्हे’ असं का लिहवून घेतलं ते यावरून कळतं. मामाला मूल नव्हतं. मामीचा जीव माझ्यावर होता. बाबांना भीती होती. दत्तक गेलेलं मूल जन्माच्या घरातून तुटतं, परत येत नाही. आपलं पोरगं अकोल्याचं होऊन जाईल, ही धास्ती त्या एका ओळीत आहे.

आता गंमत बघा. त्या दत्तक कायद्यात बापाने मूल दत्तक द्यायचं तर आईची संमती लागते, असं १९५६पासूनच लिहिलेलं आहे. म्हणजे बाबांनी मला दत्तक द्यायचं ठरवलं असतं, तर मायला विचारावंच लागलं असतं. दत्तक नव्हे, नुसतं ठेवायचं होतं, म्हणून विचारावं लागलं नाही. कारण पालकत्वाच्या कायद्यात शब्द असे आहेत की नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. ‘नंतर’ म्हणजे काय, हे ठरायला पुढे ४३ वर्षं जायची होती.

*

त्या ४३ वर्षांतलं एक महत्त्वाचं पाऊल विदर्भातल्याच एका शेतीच्या खटल्यात पडलं, हे मला अलीकडे कळलं. जिजाबाई गजरे यांचा खटला म्हणून तो वकिलांना पाठ असतो. १९७०च्या सुमाराचा सुप्रीम कोर्टाचा निकाल. वाद विदर्भाच्या १९५८च्या कुळकायद्याखालचा. जमीन एका अज्ञान मुलीच्या नावची, आणि ती कुळाला लावून दिलेली तिच्या आईने. नवरा-बायको कित्येक वर्षं वेगळे, मुलगी आईकडे वाढलेली, तिच्या जमिनीचं सगळं आईच बघायची. बाप जिवंत होता. मग प्रश्न आला, बाप जिवंत असताना आईने केलेला व्यवहार खरा कसा? ती पालक कशी? कोर्टाने म्हटलं की बाप जिवंत असला तरी मुलीच्या बाबतीत त्याने कशातच लक्ष घातलेलं नाही, तिच्या दृष्टीने तो असून नसल्यासारखा. तेव्हा आईलाच नैसर्गिक पालक मानायला हवं.

असून नसल्यासारखा. कोर्टाच्या इंग्रजीत काय असेल ते असो, पण हा शब्द वऱ्हाडातल्या कितीतरी बायांनी कोर्टाच्या आधीच वापरला असेल.

मग १९८४मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या लहान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, पालक म्हणून स्वतः सही केली, आणि अर्ज परत आला. वडिलांची सही आणा, नाहीतर आपण पालक असल्याचा दाखला आणा. नवरा-बायकोचं पटत होतं, दोघांनी मिळूनच ठरवलं होतं, तरीही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १७ फेब्रुवारी १९९९ला निकाल लागला. ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. बाप मुलाची जबाबदारी घेत नसेल, दूर असेल, आजारी असेल, किंवा दोघांत तसं ठरलं असेल, तर आई पालक. जिजाबाईंच्या खटल्याचा आधार त्या निकालात घेतलेला आहे.

मी तेव्हा बँकेत होतो. निकालाची बातमी पेपरात आली त्या दिवशी काउंटरवर एक बाई मुलीचं खातं उघडायला आली होती असं लिहिलं तर छान वाटेल, पण तसं काही झालं नाही. आम्ही नेहमीप्रमाणे मार्चअखेरच्या धांदलीत होतो. कागदावरचा ‘नैसर्गिक पालक’ हा रकाना बायांनी भरलेला दिसायला त्यानंतरही बराच काळ गेला.

*

अकोल्याहून मामीला घेऊन आलो, सामान लावलं, आणि त्या रविवारी गावी मायकडे गेलो. तिने ऐंशी ओलांडली आहे. दिसायला कमी झालंय, ऐकायला येतं. मी तो कागद तिला वाचून दाखवला. सगळा, साक्षीदारांच्या नावांसकट.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘माह्याच भावाच्या घरी माह्यं पोरगं चाललं, अन् कागदात माह्यं नावच नाई?’

मी म्हटलं, तेव्हाचा कायदाच तसा होता.

‘कायद्याचं ऱ्हाऊ दे. तुह्या बाबानं तरी इचारलं का? मी मंग गाडी गेल्यावर सांजेपावतो ठेसनावर बसून होतो.’

वऱ्हाडात बायाही ‘बसून होतो’ म्हणतात. मला हे माहीत नव्हतं. म्हणजे ती स्टेशनवर आली होती हेच माहीत नव्हतं. मला आठवतं ते असं की बाबांनी खिडकीपाशी बसवलं, कोळशाची कणी डोळ्यात गेली, आणि मी डोळा चोळत बसलो. बाहेर बघितलं नसणार. तिने सांगितलं की ती बाभळीखाली उभी होती, बाबा रागवतील म्हणून पुढे आली नाही. पोरगं बघून रडलं तर जाणार नाही, असं बाबांचं म्हणणं. ते चूक होतं असंही मला म्हणवत नाही. बघितलं असतं तर मी नक्कीच उतरलो असतो. आणि मग हे सगळं लिहायला बसलो असतो की नाही, देव जाणे.

मामाबद्दलही सांगायला हवं. सहावीत असताना माझं अपेंडिक्स दुखावलं. रात्री दवाखान्यात ऑपरेशनसाठी सही मागितली. डॉक्टरांनी विचारलं, वडील कुठेत? मामाने तोच कागद काढला. डॉक्टरांनी वाचला, मान हलवली, आणि पेन पुढे केलं. मामाचा हात इतका थरथरत होता की सही त्याची त्यालाच ओळखू येईना, असं मामी आजही सांगते. तार मिळून बाबा पोचले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. कायद्याने त्या कागदाची किंमत किती होती ते वर लिहिलंच आहे. त्या रात्री ती पुरली.

*

हे सगळं उकरून काढायला आणखी एक कारण घडलं. माझ्या चुलतभावाची सून, दर्यापूरकडची, वय जेमतेम तिशीचं. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. कसा गेला ते लिहीत नाही, शेतकरी होता एवढं पुरे. २००६ साली पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात अमरावती, अकोलाही होते. त्यानंतरही घरं रिकामी होणं थांबलेलं नाही. अशा घराला सरकारी मदत मिळते एक लाखाची, त्यातले ७०,००० ठेवीत. या मुलीला पुण्यात एका वृद्धाश्रमात काम मिळालं. राहायला जागा आहे, पण मुलाला सोबत ठेवता येत नाही. मुलगा पाचवीत. तो अकोल्याला तिच्या नणंदेकडे ठेवायचा ठरलाय. ती मला विचारायला आली, ‘काकाजी, कागद करा लागते का?’

मी तिला जमेल तेवढं सांगितलं. तू आई आहेस, नवरा नाही, म्हणजे तूच पालक. नणंदेला लिहून देता येतं, शाळेसाठी, दवाखान्यासाठी, आणि तू कधीही ते मागे घेऊ शकतेस. त्याने तिला मुलाच्या वाट्याच्या शेतात हात घालता येणार नाही. कायमचं काही करायचं असेल तर कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागेल, आणि ते आत्ता करू नये असं माझं मत. बालसंगोपन योजना आहे, तिचा अर्ज बालकल्याण समितीमार्फत होतो. पूर्वी महिन्याला ४२५ रुपये मिळत, २०२१मध्ये ११०० केले, २०२३मध्ये २२५०. आता तिला सावित्रीबाईंचं नाव आहे. करोनात आई-बाप दोन्ही गेलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव सरकारने ठेवली, त्या वेळी बऱ्याच मामा-आत्यांना पहिल्यांदाच समजलं की आपण कायद्याने त्या लेकराचे कुणी नाही.

तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, ‘नाव कोनाचं लागते शायेत?’

मी म्हटलं, त्याचं, मग वडिलांचं, आडनाव. मे २०१४नंतर जन्मलेल्यांच्या नावात आता आईचं नावही घालावं लागतं, २०२४पासून सरकारने तसं केलंय. तिने बोटांवर हिशोब केला. तिचा मुलगा २०१४च्या सप्टेंबरचा. ‘म्हंजे माह्यं नाव राहीन,’ ती म्हणाली.

नावावरून मला वझ्झर आठवलं. परतवाड्याजवळचं हे गाव, तिथे शंकरबाबा पापळकरांचं बालगृह आहे. रेल्वे स्टेशनांवर, कचऱ्यात, रस्त्यावर टाकून दिलेली, बहुतेक मतिमंद, मूकबधिर, अंध अशी १२३ मुलं त्यांनी सांभाळली, आणि सगळ्यांच्या कागदपत्रांवर वडील म्हणून स्वतःचं नाव लावलं. गाडगेबाबांना मानणारा माणूस. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं भांडण पुरस्कारासाठी कधीच नव्हतं, ते आहे कायद्याशी. अठरा वर्षांचं झालं की मूल बालगृहातून बाहेर काढायचं असा नियम आहे. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्याने अठराव्या वाढदिवशी जायचं कुठे? बाबांनी ती मुलं बाहेर पाठवली नाहीत. वाढवली, कित्येकींची लग्नं लावली. त्यांच्यातल्या एका अंध मुलीने २०२४मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा पास केली. तिच्या नावामागे पापळकर आहे. कुणी लिहून दिलं होतं त्यांना? लिहून देणाराच तर पळून गेला होता.

*

कागद मागच्या आठवड्यात केला. शंभराचा स्टॅम्प आता मिळत नाही, पाचशेचा घ्यावा लागला. अर्जनवीस नाही, कॉम्प्युटरवाला मुलगा होता, त्याच्याकडे तयार नमुना होता. नमुन्यात ‘मी, मुलाचे वडील’ असंच छापलेलं. ते खोडून त्याने ‘आई’ केलं, पण पुढच्या दोन ओळींत ‘करतो’, ‘देतो’ तसंच राहिलं. मी म्हटलं, दुरुस्त कर. ती म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या काकाजी, आमच्याकडं तसंच बोलतेत.’

तिने सही केली, नणंदेने केली. साक्षीदार एक मी. दुसरा हवा होता, तर मामी रिक्षात बसून होती, तिला आत आणलं. तिने विचारलं, ‘हे दत्तक नाही ना?’ नाही म्हटल्यावर चष्मा लावून तिने सगळा कागद वाचला, आणि सही केली. मुलगा बाहेर ऊस चावत उभा होता. त्याला आत बोलावून मी तो कागद वाचून दाखवला. ‘मागेल तेव्हा परत’ इथे त्याने मान वर केली आणि विचारलं, ‘मी मांगलं तर?’